सोन्याच्या वर्खावरचा प्रयोग : एडविन हॉल



सौरऊर्जेबद्दलची बातमी वर्तमानपत्रात आली की तीत अलीकडे पेरोव्स्काइट हा शब्द हमखास असतो. नववीच्या वर्गात त्यावर बोलणे चालले असताना एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, की इतक्या पातळ थराच्या आत वीज कोण वाहून नेते, हे शास्त्रज्ञांना कळते तरी कसे? आत डोकावून तर पाहता येत नाही. प्रश्न नेमका होता. उत्तर देताना फळ्यावर जे नाव लिहावे लागले, त्या माणसाची ओळख या अंकात करून द्यावी असे आम्ही ठरवले. ते नाव म्हणजे एडविन हर्बर्ट हॉल. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत त्यांच्या नावाचा ‘हॉल परिणाम’ असतो, पण माणसाबद्दल एखादी ओळही क्वचितच असते. शिवाय हे गृहस्थ मुळात आमच्यासारखेच शाळामास्तर होते, हे सांगताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

हॉल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८५५ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात, गोरहॅम या गावी झाला. त्याच राज्यातील बोडन कॉलेजातून ते १८७५ साली पदवीधर झाले आणि लगेच शाळेत शिकवू लागले. एक वर्ष गूल्ड अकादमीत आणि पुढचे वर्ष ब्रन्सविक येथील हायस्कूलात त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले. तेव्हा वय होते अवघे वीस-एकवीस.

दोन वर्षांनी त्यांनी शाळा सोडली आणि विज्ञानाकडे वळले. थोरांच्या चरित्रांत लहानपणापासूनची ओढ, रात्र रात्र जागून केलेले प्रयोग असे वाचायची आपल्याला सवय आहे. हॉल यांनी मात्र पुढे स्वतःबद्दल लिहिताना असे काहीच सांगितले नाही. विज्ञानाचे आपल्याला वेड नव्हते आणि त्यासाठी लागणारी खास देणगी आपल्यापाशी आहे असेही वाटत नव्हते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. हे क्षेत्र पुढे जाणारे आहे आणि त्यात बुद्धीचा प्रामाणिकपणा राखता येतो, एवढ्यासाठी ते तिकडे गेले. परीक्षेत पहिला नंबर नाही म्हणून मुलाला विज्ञान झेपणार नाही असे सांगायला येणाऱ्या पालकांना आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो.

१८७७ साली ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठ सुरू होऊन एकच वर्ष झाले होते. तेथे हेन्री रोलँड हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. वयाने तरुण, हाताने अत्यंत कुशल आणि मोजमापाच्या बाबतीत कडक असा त्यांचा लौकिक होता.

रोलँड यांच्या तासांसाठी हॉल यांनी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा वीज व चुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ वाचायला घेतला. तो १८७३ साली प्रसिद्ध झालेला होता आणि त्या विषयातला शेवटचा शब्द मानला जात असे. त्यात एका ठिकाणी हॉल अडले. वीज वाहणारी तार चुंबकाजवळ धरली की तार बाजूला ढकलली जाते, हे तुम्हीही प्रयोगशाळेत पाहिले आहे. मॅक्सवेल यांचे म्हणणे असे, की हा जोर तारेवर, म्हणजे धातूवर लागतो. तारेतल्या प्रवाहावर लागत नाही. तार घट्ट बसवून ठेवली, तर आतला प्रवाह चुंबक नसताना जसा वाहत होता तसाच वाहत राहील.

हॉल यांना हे पटेना. त्यांचा विचार साधा होता. तारेत वीज नसेल तर चुंबक तिला हातही लावत नाही. वीज सोडली की जोर लागतो, आणि वीज जितकी जास्त तितका जोर जास्त. तार जाड की बारीक, तांब्याची की चांदीची, याने काही फरक पडत नाही. मग जोर विजेवर नाही, तारेवर आहे, असे कसे म्हणायचे? त्याच सुमारास एडलुंड या स्वीडिश शास्त्रज्ञाचा लेख त्यांच्या वाचनात आला. त्यात चुंबक प्रवाहावरच काम करतो असे गृहीत धरलेले होते. दोन जाणकार दोन उलट गोष्टी सांगत होते. हॉल उठले आणि रोलँड यांच्याकडे गेले. रोलँड यांनाही मॅक्सवेल यांच्या त्या विधानाबद्दल शंका होती. त्यांनी पूर्वी घाईघाईत एक प्रयोगही करून पाहिला होता, पण हाती काही लागले नव्हते.

पहिला प्रयोग हॉल यांनी असा बेतला. चुंबकामुळे प्रवाह तारेच्या एका कडेला दाबला जात असेल, तर त्याला वाहायला जागा कमी उरेल, म्हणजे तारेचा रोध वाढेल. जर्मन सिल्व्हरच्या बारीक तारेचे चपटे वेटोळे करून त्यांनी ते विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये घट्ट बसवले. रोधात दहा लाखांत एक भाग इतका फरक पडला तरी कळेल, अशी जोडणी केली. ऑक्टोबर १८७९ मध्ये त्यांनी वाचनांच्या तेरा मालिका घेतल्या, प्रत्येक मालिकेत चाळीस वाचने. चुंबक चालू, चुंबक बंद, पुन्हा चालू. रोधात ठाम म्हणावा असा फरक काही दिसला नाही.

इथे बहुतेक जण थांबले असते. ग्रंथ मॅक्सवेल यांचा, प्रयोग फसलेला, आणि प्राध्यापकांचाही पूर्वी फसलेला. हॉल यांनी पुन्हा विचार केला. प्रवाह कडेला सरकला नसेल, पण त्याच्यावर दाब तर येत असेल? अरुंद गल्लीतून मिरवणूक चालली आहे आणि सगळ्यांना डावीकडे रेटा बसतो आहे, अशी कल्पना करा. लोक भिंत फोडून पलीकडे जात नाहीत, पुढेच चालत राहतात. पण डाव्या भिंतीशी दाटी होते आणि उजवीकडे मोकळे होते. धातूत असे झाले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये विभवांतर, म्हणजे आपण ज्याला व्होल्टेज म्हणतो ते, निर्माण व्हायला हवे. म्हणजे मोजमाप पट्टीच्या लांबीत करायचे नव्हते. आडवे, कडेपासून कडेपर्यंत करायचे होते.

धातूच्या जाड चकतीवर हा प्रयोग केला, तेव्हा पुन्हा काही दिसले नाही. तेव्हा रोलँड यांनी सुचवले, की सोन्याचा वर्ख घेऊन पाहा. मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख तुम्हांला ठाऊक आहे. तसाच सोन्याचा, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तो काचेच्या पट्टीवर चिकटवला. लांबीच्या दिशेने त्यातून वीज सोडली. दोन कडांवर समोरासमोर गॅल्व्हानोमीटरच्या तारा अशा टेकवल्या, की चुंबक नसताना काटा जवळपास हलणार नाही. मग पट्टी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून चुंबक चालू केला.

२८ ऑक्टोबर १८७९ रोजी गॅल्व्हानोमीटर हलला आणि हललेलाच राहिला. हे हललेलेच राहणे महत्त्वाचे. चुंबक चालू-बंद करताना क्षणभर काटा हलणे नवीन नव्हते. ते फॅरेडे यांच्यापासून माहीत होते. हा मात्र चुंबक चालू आहे तोवर टिकून होता. चुंबकाचे ध्रुव उलट केले, तर काटा उलट बाजूला गेला. त्या दिवशी हॉल यांनी आनंदाने उडी मारली की काय, हे आम्हांला ठाऊक नाही. लगेच विश्वास ठेवण्यापेक्षा पुन्हा पुन्हा मोजून, दुसरे कोणतेही कारण नाही ना हे तपासण्यात त्यांनी पुढचे दिवस घालवले, एवढे नक्की.

जाड चकतीत जे दिसले नाही ते वर्खात का दिसले, हे आज सहज सांगता येते. प्रवाह आणि चुंबक तेवढेच ठेवले, तर कडांमधले विभवांतर पट्टीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. पट्टी शंभरपट पातळ, तर विभवांतर शंभरपट जास्त.

हा शोध त्याच वर्षी अमेरिकेच्या गणितविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखावर नाव एकट्या हॉल यांचे होते. कल्पनेत रोलँड यांचा वाटा होता आणि हॉल यांनी तो लेखातच नमूद केला. पण शिष्याच्या लेखावर गुरूंनी आपले नाव चढवले नाही. याच शोधावर १८८० साली हॉल यांना डॉक्टरेट मिळाली. सर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी या शोधाला फॅरेडे यांच्या शोधांच्या रांगेत बसवले. ज्यांच्या वाक्यापासून हे सुरू झाले ते मॅक्सवेल मात्र ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, म्हणजे काटा हलल्यानंतर आठच दिवसांनी, वारले. आपले एक वाक्य चुकले हे त्यांना कळले नाही. कळले असते तर त्यांना वाईट वाटण्यापेक्षा कुतूहलच वाटले असते, असे आम्हांला त्यांच्या एकंदर स्वभावावरून वाटते.

इथवर गोष्ट सुखाची आहे. पुढे मात्र एक काटा रुतला, तो हॉल यांना शेवटपर्यंत काढता आला नाही.

सोन्यानंतर त्यांनी इतर धातू घेतले. चांदी, प्लॅटिनम हे सोन्याप्रमाणेच वागले. लोखंडात काटा उलट बाजूला गेला. जोडणी तीच, चुंबकाची दिशा तीच, आणि फळ उलटे. १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि धातूतून वीज वाहून नेणारे हे ऋणभारित कण आहेत असे ठरले. त्याने सोन्याचे वागणे समजले, पण लोखंडाचे कोडे जास्तच अवघड झाले. सगळीकडे वाहक इलेक्ट्रॉनच असतील, तर काटा सगळीकडे एकाच बाजूला जायला हवा.

हॉल यांनी या कोड्यामागे आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. धातूत वीज दोन तऱ्हांनी वाहते, काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात आणि काही एका अणूवरून शेजारच्या अणूवर उडी घेतात, असे स्वतःचे मत त्यांनी मांडले. ते पुस्तकरूपाने १९३८ साली, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. तोवर काळ पुढे निघून गेला होता. १९२९ साली रुडॉल्फ पायर्ल्स या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणाने नव्या पुंज सिद्धांताच्या आधारे उत्तर दिले होते. स्नेहसंमेलनात खुर्च्यांची एक रांग भरलेली आहे आणि एकच खुर्ची रिकामी आहे असे समजा. शेजारचा मुलगा त्या खुर्चीवर सरकतो, त्याच्या जागी त्याच्या पलीकडचा. मुले उजवीकडे सरकतात आणि रिकामी खुर्ची डावीकडे चाललेली दिसते. काही पदार्थांत इलेक्ट्रॉनांची अशी रिकामी जागाच धनभारित कणासारखी वागते. तिला आज आपण होल म्हणतो. नावातल्या सारखेपणाने फसू नका, हॉल वेगळे आणि होल वेगळे.

उडी घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांची हॉल यांची कल्पना स्वीकारली गेली नाही. आपल्याच नावाच्या परिणामाचे उत्तर दुसऱ्याने, आणि आपल्याला न रुचणाऱ्या भाषेत दिलेले पाहणे, हे सोपे नसावे.

हॉल १८८१ साली हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले, १८९५ साली पूर्ण प्राध्यापक झाले आणि १९२१ साली निवृत्त झाले. या काळातले त्यांचे एक काम पदार्थविज्ञानाच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही, पण आम्हां शिक्षकांना ते शोधाइतकेच मोठे वाटते. त्या काळी अमेरिकेतील शाळांतही पदार्थविज्ञान पाठ करून शिकवत. हार्वर्डने ठरवले, की प्रवेशासाठी मुलांनी प्रयोग स्वतःच्या हातांनी केलेले असावेत. मग शाळांनी कोणते प्रयोग करावेत, त्यांना साहित्य काय लागेल, याची यादी करण्याचे काम हॉल यांच्याकडे आले. त्यांनी चाळीस प्रयोगांची पुस्तिका तयार केली. साध्या शाळेला परवडेल असे साहित्य, प्रत्येक प्रयोगात काहीतरी मोजायचे, आणि शिक्षकांनी तपासलेली वही प्रवेशाच्या वेळी दाखवायची. देशभरच्या शाळांत प्रयोगाची टेबले आली ती बऱ्याच अंशी या पुस्तिकेमुळे. पुढे तिच्यावर टीकाही झाली. मोजण्याच्या नादात मुलांचे कुतूहल आटते, वह्या यांत्रिकपणे भरल्या जातात, असे लोक म्हणू लागले. टीका अगदीच खोटी नव्हती. मोठ्या भावाची प्रयोगवही समोर ठेवून, वाचनांसकट उतरवून काढलेल्या वह्या आम्हीही तपासल्या आहेत, आणि त्यांवर सह्या केल्याचे आज वाईट वाटते.

स्वतः हॉल मात्र कंटाळा न करता मोजत राहिले. उंचावरून सोडलेली वस्तू पृथ्वीच्या फिरण्यामुळे किंचित पूर्वेकडे पडते हे माहीत होते. ती किंचित दक्षिणेकडेही पडते का, असा जुना वाद होता. १९०२ साली त्यांनी हार्वर्डच्या प्रयोगशाळेतील मनोऱ्यात सुमारे २३ मीटर उंचीवरून गोळ्या सोडल्या. किती? ९४८ वेळा. पूर्वेकडचे सरकणे साधारण अपेक्षेप्रमाणे आले. दक्षिणेकडचे इतके सूक्ष्म होते की त्यावरून ठाम निर्णय देता येईना, आणि त्यांनी तसेच लिहिले. १९३७ साली अमेरिकेतील पदार्थविज्ञान शिक्षकांच्या संघटनेने अध्यापनासाठीचे आपले पदक त्यांना दिले. २० नोव्हेंबर १९३८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या शोधाचा रोजच्या व्यवहारात म्हणावा असा उपयोग नव्हता. तो अर्धवाहक पदार्थ हाती आल्यावर सुरू झाला. आज विजेवर चालणाऱ्या स्कूटरची मूठ किती पिळली हे कळते ते बहुधा हॉल यांच्या परिणामावर चालणाऱ्या बारक्या सेन्सरमुळे.

आता नववीतल्या त्या प्रश्नाकडे वळू. अर्धवाहकाची ओळख करून घ्यायची तर तीन गोष्टी कळाव्या लागतात. वाहक इलेक्ट्रॉन की होल, ते किती, आणि ते किती सहज सरकतात. काटा कोणत्या बाजूला गेला यावरून पहिली गोष्ट कळते. वाहक थोडे असले, तर तेवढाच प्रवाह नेण्यासाठी प्रत्येकाला जोरात पळावे लागते. जोरात पळणाऱ्याला चुंबकाचा रेटा जास्त बसतो आणि विभवांतर मोठे येते. म्हणून विभवांतरावरून वाहकांची संख्या काढता येते. जोडीला रोध मोजला, की तिसरी गोष्टही हाती येते.

पेरोव्स्काइट हे मूळचे एका खनिजाचे नाव. ते उरल पर्वतात सापडले आणि १८३९ साली गुस्ताव रोझ यांनी लेव पेरोव्स्की या रशियन गृहस्थांचे नाव त्याला दिले. त्याच घडणीचे, पण शिसे आणि आयोडिन असलेले पदार्थ प्रकाशापासून वीज करतात, हे २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने दाखवले. तेव्हा त्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. प्रयोगशाळेत ती पुढे २५ टक्क्यांच्या वर गेली.

या पदार्थावर हॉल यांचा प्रयोग करणे मात्र कटकटीचे आहे. अंधारात त्यात वाहक इतके कमी आणि रोध इतका जास्त असतो, की पुरेसा प्रवाहच सोडता येत नाही आणि मोजायचे विभवांतर गोंगाटात हरवते. शिवाय त्याच्या आतले आयनही हळूहळू जागा बदलतात, त्यामुळे काटा एका जागी ठरत नाही, वाचन घेता घेता सरकत जाते. दोन तारा अगदी समोरासमोर बसत नाहीत, त्याची चूक वेगळीच. उजेड पाडला तर इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही तयार होतात आणि दोघांचे परिणाम एकमेकांना खोडू पाहतात. उजेड कमी-जास्त करत दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडायची रीत ओकी गुनावान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. बाकीच्या चुका काढण्यासाठी संशोधक प्रवाह उलट करून पाहतात, चुंबक उलट करून पाहतात, आणि दोन वाचनांतला फरक घेतात. चुंबक उलट करून पाहणे, हे १८७९ साली बाल्टिमोरच्या त्या खोलीतही चालले होते.

शाळेच्या प्रयोगशाळेत एक हॉल सेन्सर, बॅटरी आणि मल्टिमीटर जोडून ठेवला आहे. ज्यांना काटा उलटा फिरलेला, म्हणजे हल्लीच्या मीटरवर आकडा वर गेलेला आणि खाली आलेला, स्वतः पाहायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. चुंबक ज्याचा त्याने आणावा, आणि वाचने आपल्या वहीत आपल्या हाताने लिहावीत.